गुणगुणणाऱ्या पेटीची कथा

इन्व्हर्टर हा शब्द आता गोव्यातल्या कुठल्याही घरात समजावून सांगावा लागत नाही. जून लागला, वारा सुटला, माडाची झावळी तारेवर पडली की लाइट गेलीच, आणि मग जिन्याखालची ती पेटी टक् असा आवाज करून घर सांभाळते. बॅटरीतला सरळ प्रवाह घेऊन त्याचा २३० व्होल्टचा उलटसुलट प्रवाह करायचा, हे तिचे काम. आज लिहायचे आहे ते तिच्या उलट्या स्वभावाच्या बहिणीबद्दल, म्हणजे कन्व्हर्टरबद्दल. ही पेटी भिंतीतल्या विजेचा बारा व्होल्टचा सरळ प्रवाह करते, आणि तिचे माहेर आहे अमेरिकेतले मोटरहोम, म्हणजे चाकांवरचे घर.

मोटरहोम म्हणजे ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली खोली. पुढे चालकाची जागा, मागे बिछाना, शेगडी, फ्रिज, न्हाणी. सिनेमावाल्यांच्या व्हॅनिटी व्हॅन आपण पाहिल्या आहेत, त्यांचेच कुटुंबवत्सल भावंड म्हणा. ऐंशी-नव्वदच्या दशकातले असे घर आज अमेरिकेत कोणी स्वस्तात विकत घेतले, की एक प्रश्न हमखास समोर येतो. कपाटाच्या तळाशी बसवलेली मूळची कन्व्हर्टर पेटी ठेवायची, की काढून नवी बसवायची? प्रश्न दिसतो मेकॅनिकचा, पण मला तो इतिहासाचा वाटतो. ती पेटी बांधणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर त्या घरात राहण्याची एक तऱ्हा होती. आज त्याच घरात राहणाऱ्यांची तऱ्हा निराळी आहे, आणि मधल्या मध्ये मरते ती बॅटरी.

थोडे मागे जाऊ. विजेच्या दोन जाती. एडिसनने १८८२ साली न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरून वीज विकायला सुरुवात केली ती सरळ प्रवाहाची, म्हणजे डीसी. पुढे वेस्टिंगहाउस आणि टेस्ला यांचा उलटसुलट प्रवाह, म्हणजे एसी (इथे थंड हवेचे यंत्र अभिप्रेत नाही), जिंकला, कारण ट्रान्सफॉर्मर लावून त्याचा दाब वाढवता-उतरवता येतो आणि तो दूरवर नेता येतो. न्यूयॉर्कच्या वीज कंपनीने शेवटचे डीसी कनेक्शन तोडले ते थेट २००७ साली. हरलेल्या पक्षाचा संसार सव्वाशे वर्षे चालला म्हणायचा! बॅटरीने मात्र कधी पक्ष बदलला नाही. १८५९ साली गास्तों प्लांते या फ्रेंच माणसाने शिशाची बॅटरी तयार केली, तेव्हापासून बॅटरी डीसीच देते आणि डीसीच घेते. म्हणजे घर एसीवर, मोटार डीसीवर. आणि मोटारीतच घर बांधले तर?

सुरुवातीला लोकांनी यावर अगदी सरळ उपाय केला. दिव्यांचे दोन संच. मुक्कामाच्या जागी वायर जोडली की १२० व्होल्टचे दिवे लावायचे, आणि रानात किंवा रस्त्याकडेला असलो की मोटारीच्या बॅटरीवरचे छोटे दिवे. एकाच छतावर दोन बटणे, दोन वायरिंग. अमेरिकन मोटारी १९५५-५६ च्या सुमारास सहा व्होल्टवरून बारा व्होल्टवर आल्या आणि बॅटरीवरचे दिवे जरा उजेडाचे झाले, पण दुहेरी संसार काही सुटला नाही.

तो सोडवण्याचे एक ठळक उदाहरण म्हणजे एअरस्ट्रीम. चांदीच्या रंगाचे, माशासारखे गुळगुळीत अॅल्युमिनियमचे ट्रेलर बनवणारी ही कंपनी वॉली बायम या गृहस्थाने तीसच्या दशकात काढली. हा माणूस स्वतःच तांडे घेऊन जगभर फिरायचा. १९५९-६० मध्ये तो केपटाऊनहून कैरोपर्यंत ट्रेलरांचा तांडा घेऊन गेला. १९६२ साली तो वारला, तरी १९६३-६४ मध्ये त्याच्या गिऱ्हाइकांनी सिंगापूरपासून लिस्बनपर्यंत तांडा नेला आणि तो भारतातूनही गेला. (लिस्बनचे नाव आले की गोवेकराचे कान टवकारतात. आपल्याकडचा लिस्बनचा कारभार संपून तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती.)

याच साठच्या दशकात एअरस्ट्रीमने आपल्या ट्रेलरमध्ये ‘युनिव्होल्ट’ नावाची व्यवस्था आणली. नावातच सगळे आले. युनि म्हणजे एक. एकच व्होल्टेज, एकच दिव्यांचा संच, बारा व्होल्टचा. बाहेरची वायर जोडली की पेटी १२० व्होल्टचे बारा व्होल्ट करून दिव्यांना आणि पाण्याच्या पंपाला द्यायची, वायर काढली की तेच दिवे बॅटरीवर चालायचे. आतल्या माणसाला बटण एकच. हे जमले ते सिलिकॉन डायोडमुळे. त्याआधी एसीचे डीसी करायला पाऱ्याच्या वाफेचे काचेचे फुगे लागत किंवा सेलेनियमच्या चकत्यांची चळत लागे. जुन्या सिनेमा थिएटरांत प्रोजेक्टरच्या दिव्यासाठी पाऱ्याचे फुगे असत, निळ्या-जांभळ्या उजेडाने चमकणारे. ते चालत्या घरात कोण नेणार? पन्नासच्या दशकात बोटाच्या पेराएवढा सिलिकॉन डायोड आला आणि पेटी कपाटात मावली.

ट्रेलरपाठोपाठ मोटरहोमचे दिवस आले. मिशिगनमधल्या रे फ्रँकने १९६० च्या आगेमागे डॉजच्या सांगाड्यावर घरे बांधायला घेतली. पण ती सामान्य माणसाच्या आवाक्यात आणली आयोवा राज्यातल्या फॉरेस्ट सिटी या लहान गावातल्या विनेबेगो कंपनीने, १९६६ पासून. दहा वर्षे आधी, १९५६ साली, आयझेनहॉवर यांच्या कारकिर्दीत आंतरराज्य महामार्गांचा कायदा झाला होता, म्हणजे रस्ते तयार होत होते. मुक्कामाची सोयही झाली. १९६२ साली माँटाना राज्यातल्या बिलिंग्ज गावी केओए नावाच्या कँपग्राउंडची सुरुवात झाली आणि बघता बघता अशा जागा देशभर पसरल्या. गाडी लावा, नळ जोडा, वीज जोडा, रात्रीचे भाडे द्या.

ही गोष्ट जरा नीट ध्यानात घ्यावी, कारण जुन्या पेटीचा सगळा स्वभाव इथे घडला. घर बांधणाऱ्या कंपनीने गृहीत धरले की कुटुंब सुट्टीत निघेल, दिवसभर गाडी चालवेल, संध्याकाळी कँपग्राउंडवर पोहोचून वायर जोडेल. दिवसा इंजिनाचा आल्टरनेटर बॅटरी भरेल, रात्री भिंतीतली वीज दिवे लावेल. बॅटरीची गरज मधल्या तास-दोन तासांची. मग कन्व्हर्टरने काय करायचे? दिवे लावायचे! बॅटरी भरणे हे त्याचे मुख्य काम धरलेच नव्हते. जुन्या काळच्या कित्येक पेट्यांत आतून दोन वाटा असत. मोठी वाट दिव्यांकडे जाणारी, आणि बारीकशी, मोजक्या अँपियरची, बॅटरीकडे जाणारी. पंक्तीला सगळे जेवून उठल्यावर उरलेले गड्याला द्यावे, तसे.

आता ती पेटी गुणगुणायची का, हे सांगतो. शिकागोच्या जोसेफ सोला याने १९३८ साली एक विशेष प्रकारचा ट्रान्सफॉर्मर शोधला. त्याचा लोखंडी गाभा चुंबकत्वाने इतका भरून ठेवायचा की आणखी मावणारच नाही. सोबत एक कपॅसिटर जोडून ठरावीक वारंवारतेवर त्याचा सूर लावायचा. काठोकाठ भरलेल्या घागरीत आणखी पाणी ओतले तरी घागरीतली पातळी तीच राहते. तसा बाहेरचा दाब कमी-जास्त झाला तरी या ट्रान्सफॉर्मरचा दाब हलत नाही. किंमत म्हणून तो तापतो, जड असतो, आणि सतत घूंऽऽ असा आवाज करतो.

हे यंत्र आपल्याला परके नाही. सीव्हीटी हे नाव ज्यांनी सरकारी कचेरीत दिवस काढले त्यांना आठवेल. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या कचेरीच्या कोपऱ्यात राखाडी रंगाची तशी एक पेटी होती, वर फायलींचे गठ्ठे रचलेले. जुने कारकून सांगायचे, पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्याबरोबर ही आली, आणि पहिले काही महिने लोकांना वाटायचे की घुमण्याचा आवाज कॉम्प्युटरचाच आहे. सीव्हीटी म्हणजे कॉन्स्टंट व्होल्टेज ट्रान्सफॉर्मर, तोच सोलाचा शोध. अमेरिकेत तो डायोडांना जोडून मोटरहोमच्या कपाटात बसला. ऐंशी-नव्वदच्या दशकात मॅग्नेटेक कंपनीची ६३०० मालिकेची पेटी अशा असंख्य घरांत होती. वरच्या भागात १२० व्होल्टचे ब्रेकर, शेजारी बारा व्होल्टचे फ्यूज, आणि खाली तो जड गुणगुणणारा भाग. माझ्या मते तिला नावे ठेवण्याआधी एक गोष्ट कबूल करावी. तिच्यात बिघडण्यासारखे फारसे काही नव्हतेच. लोखंड, तांबे, एक कपॅसिटर, चार डायोड. तीस-तीस वर्षे त्या पेट्या एकदाही न उघडता चालल्या आहेत.

मग बॅटरीचे काय बिनसले? बारा व्होल्टची शिशाची बॅटरी म्हणजे सहा कप्पे. पूर्ण भरलेली, स्वस्थ पडलेली असेल तर ती सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, अर्धी रिकामी झाली की १२.२ च्या आसपास. तिला लवकर भरायचे तर १४.४ च्या जवळ दाब हवा. पण भरल्यावरही तोच ठेवला तर आतले पाणी हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन उडू लागते. म्हणजे बॅटरीला वेळेनुसार वेगवेगळा दाब लागतो. भुकेली असताना जास्त, पोट भरल्यावर कमी. जुन्या पेटीला एकच दाब माहीत, १३.८ व्होल्टच्या आसपासचा. रिकाम्या बॅटरीला तो अपुरा. सुरुवातीला ती थोडे घेते, मग प्रवाह मंदावतो आणि पुरती भरायला दिवसच्या दिवस लागतात. अर्धवट भरलेली बॅटरी तशीच राहिली की शिशाच्या पत्र्यांवर गंधकाच्या क्षाराचे कडक थर बसतात आणि ते मग सुटत नाहीत. उलट, गाडी घराच्या अंगणात वायर जोडून महिनोन् महिने उभी असेल तर तोच १३.८ व्होल्ट दाब जास्त ठरतो. हळूहळू पाणी उडते, पत्रे उघडे पडतात, आणि वसंतात मालक झाकण उघडतो तो आत कोरडे. आपल्याकडे इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालायला विसरलेल्यांना हे दृश्य नवे नाही. एअरस्ट्रीमवाल्यांत तर युनिव्होल्ट म्हणजे ‘बॅटरी उकळणारी पेटी’ अशीच ख्याती झाली.

तरीही तीस वर्षे कोणी फार तक्रार केली नाही, कारण सुट्टीपुरत्या घरात बॅटरी मेली तर नवी आणायची, एवढेच. बदल झाला तो दोन बाजूंनी. एक तर घरातल्या वस्तू बदलल्या. ऐंशीच्या दशकापासून मोटरहोममधल्या गॅसच्या फ्रिजला आणि शेगडीवजा हीटरला इलेक्ट्रॉनिक सर्किटचे बोर्ड आले. (गॅसच्या ज्योतीवर थंडी करणारा हा फ्रिज स्वीडनमधल्या फोन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ साली शोधला. तो एक स्वतंत्र लेखाचा विषय आहे, असो.) अमेरिकेतली वीज सेकंदाला साठ आवर्तनांची, म्हणून डायोडांतून गेल्यावर सेकंदाला १२० झटके मारत येते. बल्बला त्याचे काही वाटत नाही. बोर्डाला वाटते. बॅटरी जोडलेली आणि धडधाकट असेल तर ती हे झटके गिळून टाकते. पण बॅटरी आधीच कोरडी पडलेली असेल तर झटके थेट बोर्डापर्यंत पोहोचतात.

दुसरी बाजू माणसांची. मोटरहोम सुट्टीचे न राहता कित्येकांचे कायमचे घर झाले. काही निवृत्त लोक हौसेने राहू लागले, आणि २००८ च्या मंदीनंतर बरेच जण नाइलाजाने. जेसिका ब्रूडर यांचे ‘नोमॅडलँड’ हे पुस्तक २०१७ साली आले, त्यावरच्या चित्रपटाला २०२१ साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले, म्हणून आपल्याकडेही हे लोक थोडेफार माहीत झाले. अॅरिझोनाच्या वाळवंटातले क्वार्ट्झसाइट हे गाव हिवाळ्यात अशा हजारो गाड्यांनी भरते. तिथे सरकारी जमिनीवर उघड्यावर गाडी लावायची. वायर जोडायला खांब नाही, नळ नाही. वाळवंटातली रात्र कडाक्याची. हीटर गॅसवर चालतो खरा, पण त्याचा पंखा बारा व्होल्टवर चालतो आणि चालू असेपर्यंत सात-आठ अँपियर खातो. पंखा थांबला की सुरक्षेसाठी ज्योतही बंद होते. म्हणजे सिलिंडर भरलेला असून सत्तरीतली बाई पहाटे तीन वाजता थंडीत जागी होते, कारण बॅटरी संपली. ती संपली, कारण आदल्या दिवशी दोन तास जनरेटर लावूनही कपाटातल्या जुन्या पेटीने तिला नीट भरलेच नाही. जनरेटरचे पेट्रोल जळले ते जळलेच.

आपल्या हणजूण-कळंगुटच्या किनाऱ्यावर साठ-सत्तरच्या दशकात युरोपातून खुष्कीच्या मार्गाने हिप्पींच्या व्हॅन येत, त्यांत हा प्रश्नच नव्हता. कंदील, मेणबत्ती आणि चांदणे. १९७९ मध्ये इराणची क्रांती आणि अफगाणिस्तानातली रशियन फौज यांनी तो रस्ता बंद केला. मूळ विषयाकडे वळतो.

पेटीला पर्याय मिळाला तो कॉम्प्युटरमुळे. ट्रान्सफॉर्मर मोठा लागतो, कारण सेकंदाला साठ आवर्तने हा वेग फार कमी. तोच वेग हजारोंनी वाढवला तर तेवढेच काम मुठीएवढा ट्रान्सफॉर्मर करतो. यासाठी आधी एसीचे डीसी करायचे, मग ट्रान्झिस्टरने सेकंदाला हजारो वेळा तोडायचे-जोडायचे, मग छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून नेऊन पुन्हा डीसी करायचे. द्राविडी प्राणायाम वाटतो, पण वजन आणि उष्णता दोन्ही घटतात. १९७७ च्या अॅपल टू कॉम्प्युटरमध्ये रॉड होल्ट याने असा पॉवर सप्लाय बसवला होता. हळूहळू ट्रान्झिस्टर स्वस्त झाले आणि नव्वदच्या दशकात ही तऱ्हा मोटरहोमच्या कपाटापर्यंत आली.

वजनापेक्षा मोठी गोष्ट अशी की या पेटीचा दाब हुकुमावर बदलता येतो. मिशिगनमधल्या मार्शल गावच्या प्रोग्रेसिव्ह डायनॅमिक्स कंपनीने नेमके हेच धरले आणि ‘चार्ज विझार्ड’ नावाने बॅटरीवर नजर ठेवणारा एक छोटा मेंदू जोडला. बॅटरी रिकामी असेल तर १४.४ व्होल्ट. नेहमीच्या वापरात १३.६. बराच वेळ कोणी काही वापरले नाही तर १३.२ वर उतरायचे, म्हणजे पाणी उडणार नाही. आणि अशा विश्रांतीत दर एकवीस तासांनी पंधरा मिनिटांपुरते १४.४ वर जाऊन यायचे, म्हणजे आतले आम्ल ढवळले जाईल आणि पत्र्यांवर थर बसणार नाहीत. मला हे एकवीस तास फार आवडतात. जिथे बॅटरीला उरलेसुरले मिळत होते, तिथे आता रिकाम्या घरातही कोणीतरी तिची विचारपूस करून जाते.

बदलण्याचे काम अवघड नाही, पण एक खोडा जुन्या वायरिंगमध्ये आहे. अमेरिकेतल्या घरगुती एसी वायरिंगमध्ये काळी वायर जिवंत आणि पांढरी न्यूट्रल. मोटरहोमच्या बारा व्होल्टच्या बाजूला कित्येकदा काळी वायर धन आणि पांढरी ऋण असते. म्हणजे एकाच पेटीच्या पोटात दोन पांढऱ्या वायरी, दोन वेगळ्या घराण्यांच्या. त्यांची गल्लत म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून आधी बाहेरची वायर काढायची, जनरेटर बंद, मग बॅटरीचीही तार सोडायची. बॅटरीच्या तारा उलट जोडल्या गेल्या तर पेटी वाचावी म्हणून नव्या पेट्यांत त्यासाठीच वेगळे फ्यूज असतात. ‘नवी पेटी काहीच देत नाही’ असे झाले, तर जाणकार प्रथम तेच तपासतात. आणि पेटीपासून बॅटरीपर्यंतची तार बारीक किंवा फार लांब असेल तर पेटी १४.४ पाठवते नि बॅटरीला मिळतात साडेतेराच. मग पैसे खर्चून काय मिळवले?

एवढ्यात गोष्ट आणखी पुढे सरकली आहे. छतातला जुना बल्ब दीड-दोन अँपियर घ्यायचा, एलईडी त्याच्या लहानशा हिश्श्यात तेवढाच उजेड देतो. म्हणजे ज्या दिव्यांसाठी पेटी जन्माला आली त्यांची भूक जवळजवळ संपली. छपरावर सोलर पॅनेल आले. शिशाच्या जागी लिथियमच्या बॅटऱ्या येऊ लागल्या, त्यांची भूक निराळीच. त्या देऊ तेवढा प्रवाह शेवटपर्यंत घेत राहतात, त्यामुळे पेटीला तासन् तास पूर्ण भाराने राबावे लागते. त्यांना एकवीस तासांची ढवळाढवळही नको, आत ढवळायला आम्लच नाही. म्हणून आता लिथियमसाठी वेगळ्या पेट्या निघाल्या आहेत, आणि पंधरा वर्षांपूर्वी हौसेने नवी पेटी बसवलेले लोक पुन्हा त्याच प्रश्नापाशी आले आहेत.

जुन्या मॅग्नेटेकच्या जागी बसणारी नवी पेटी प्रोग्रेसिव्ह डायनॅमिक्सने त्याच मापात काढली, ४६०० मालिकेत. ब्रेकर आणि त्यांचे दार तसेच ठेवायचे, फक्त खालचा जड भाग काढून त्या पोकळीत हलका भाग सरकवायचा. त्यामुळे अशा कित्येक मोटरहोमांत कपाट उघडले की दारावर अजून मॅग्नेटेकचेच नाव दिसते. आतला सोलाचा ट्रान्सफॉर्मर तेवढा तांब्याच्या भावाने भंगारात गेलेला असतो, आणि नवखी माणसे घूंऽऽ असा आवाज येत नाही म्हणून दाराला कान लावून बघतात.